थोरल्याचा लेप

सांगलीहून जतला जाणारी सकाळची एस.टी. हिवरमाळच्या फाट्यावर थांबली, तेव्हा उतरणारे नानासो माळवदे एकटेच होते. कंडक्टरनं टपावरची लोखंडी ट्रंक खाली दिली, "आत काचा हायत काय वो? लय खळखळतंय," असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घंटी ओढली. गाडी गेली. धुरळा खाली बसायला बराच वेळ लागला.

चौऱ्याहत्तर सालचा फाल्गुन होता. मोठा दुष्काळ सरून पाऊस एकदा येऊन गेला होता, पण माळ अजून भाजल्यासारखाच दिसत होता. फाट्यावर आप्पासोचं चहाचं खोपट होतं. नानासोंनी चूळ भरली, चहा मागितला.

"सरकारी सायेब जणू?" आप्पासोनं विचारलं.

"साहेब नव्हे, सहायक. थोरल्याच्या घुमटीत काम आहे."

आप्पासोनं गाळणी तशीच धरून ठेवली. "म्हंजी देवाची हजामत कराय आलाय म्हणा की!" खोपटातली दोघं-तिघं हसली. "करा बापडं. तेवढं वस्तरा आत लागू दिऊ नका."

नानासोही हसले. अशी थट्टा त्यांना नवी नव्हती. लोहाराचा मुलगा, आधी रंगाच्या दुकानात कामाला, मग सरकारी प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला. साहेबांची इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचता वाचता ते रसायनं शिकले होते. आता वयाची पंचेचाळीस उलटली होती. जुनी तांब्याची भांडी, देवळातले दगड, ताम्रपट यांवरची पुटं काढायची आणि आतल्या वस्तूला हवा-पाणी लागू नये म्हणून पातळ लेप द्यायचा, हे त्यांचं काम. त्या कामात त्यांची घाई कुणी पाहिली नव्हती.

हिवरमाळचा थोरला म्हणजे छातीएवढ्या उंचीचा एक दगड. तो मुळात कसा होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण दर वर्षी फाल्गुनात त्याला शेंदराचा एक लेप बसे. शेंदूर म्हणजे भाजलेलं शिसं. तेलात कालवून फासला की वाळून ताठ होतो आणि ऊन-पाऊस आत जाऊ देत नाही. पुलाच्या लोखंडालासुद्धा पहिला हात ह्याचाच देतात. असे लेपावर लेप बसून थोरल्याचा रांजण झाला होता. दुष्काळाच्या साली खायलाच तेल नव्हतं, तर देवाला कुठून येणार? त्या वर्षी लेप चुकला. पुढच्या उन्हाळ्यात शेंदराला चीर गेली आणि सुपाएवढा एक तुकडा गळून पडला. आत काळा दगड आणि दोन अक्षरं दिसली. शाळेच्या मास्तरांनी पुरातत्त्व खात्याला कळवलं, खात्यानं कळवलं की तपासणी होईपर्यंत कुणी शेंदूर लावू नये. म्हणजे लेप दुसऱ्यांदा चुकला.

घुमटी गावापासून कोसभर लांब होती. लेप देण्याचा मान एका धनगराच्या घराकडे होता. त्या घरचा म्हातारा बिराप्पा ट्रंक न्यायला आला. सत्तरीचा माणूस, पण ट्रंक डोक्यावर घेऊन सरळ चालत होता. वाटेत तो एकदाच बोलला.

"समदं काढणार?"

"तसा हुकूम आहे, आबा. अक्षरं वाचायची आहेत."

"अक्षरं भाईरच्यांसाठी असत्यात," बिराप्पा म्हणाला.

घुमटीला दार एवढं ठेंगणं होतं की वाकून आत जावं लागे. आत भर सकाळी अंधार होता आणि तेलाचा वास होता. नानासोंना तो वास खटकला. शेंदूर वाळला की तेलाचा वास जातो, आणि इथं तर दोन वर्षांत तेलाचा थेंब पडला नव्हता. दगडाच्या फटीत कुणी तरी पणती सांडली असेल, असं त्यांनी मनाशी धरलं.

गळलेला तुकडा त्यांनी दारात उजेडाला आणला. त्याच्या कडेवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसत होते. भिंग लावून त्यांनी ते सुईच्या टोकानं मोजले. एकशे शहाऐंशी. मग तुकडा उलटा केला. लेप ज्याच्यावर बसतो त्याचा ठसा आतल्या बाजूला उमटतो. दगडावर घोडा असेल तर घोडा, तलवार असेल तर तलवार. इथं तसलं काही नव्हतं. कुंचल्यानं धूळ झाडली तशी आडवी-उभी जाड वीण दिसू लागली. लोकरीची वीण. घोंगडीची.

पाणी घेऊन आलेली बाई तेवढ्यात मागं येऊन उभी होती. ही बिराप्पाची सून, धोंडुबाई. तिशीची असेल. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात भरून चुडा. तिनं घागर खाली ठेवली, तुकड्याजवळ बसली आणि विणीवरून बोट फिरवू लागली. बोट एका जागी थांबलं.

"हितं ठिगाळ हाय."

नानासोंनी भिंग धरलं. खरंच, विणीत एका जागी माशाच्या काट्यासारखे टाके उमटले होते.

"म्या घातल्यात हे," धोंडुबाई म्हणाली. "मेंढरामागं जाताना मालकाची घोंगडी बाभळीला अडकून फाटली हुती. काळी लोकर न्हवती, म्हणून पांढऱ्या सुतानं शिवली."

"बाई, हा सगळ्यात आतला थर आहे. जवळजवळ एकशे नव्वद वर्षांचा."

"असू द्या की. टाका माझा हाय."

मग तिनं सांगितलं. तिचा मालक, ज्ञानू, दुष्काळाच्या साली खडीच्या कामावरून भर दुपारी घरी यायला निघाला. घुमटीच्या सावलीत बसलेला गुराख्यांनी पाहिला. संध्याकाळी घुमटीच्या दारात त्याच्या वहाणा होत्या. माणूस नव्हता. विहिरी धुंडल्या, मिरजेच्या स्टेशनावर माणसं पाठवली, पार विजापूरपर्यंत शोध झाला. दोन वर्षं झाली. लोक म्हणत, कुंकू पूस. ती पुसत नव्हती.

"सूनबाई," बाहेरून बिराप्पाची हाक आली. "घागर उचल."

ती उठली. पदर पुढं ओढून, बाहेर ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "उघडा, सायेब. पुरतं उघडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासोंनी काम मांडलं. चिरेच्या कडेला तळहाताएवढी जागा आखून घेतली. औषधात भिजवलेला कापूस तिच्यावर दाबून बसवायचा, वरून ओलं फडकं बांधायचं, थर मऊ होईपर्यंत थांबायचं आणि मग बांबूच्या कामटीनं हलकेच उचलायचा. लोखंड लावायचं नाही, ओढाताण करायची नाही. बिराप्पा दाराबाहेर, घुमटीकडं पाठ करून बसला होता.

वरचे थर खापरासारखे निघाले. पन्नासाव्या थरापर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं होतं. मग कामटीला लागणारा जोर कमी होऊ लागला. शंभराच्या पुढं थर मेणासारखे होते. हवा न मिळाल्यामुळं आतलं तेल कच्चं राहत असेल, असा विचार नानासोंनी केला. विचार बरोबर होता, पण तो पंचवीस-तीस थर पुरला. पुढचा थर लोण्यासारखा होता. बोट लावलं तर ओलं, ताजं, आज सकाळी कालवल्यासारखं. आणि कोमट.

त्यांनी कामटीवर खूण करून ती आत घातली. तुकड्याच्या जाडीवरून दगड चार बोटांवर लागायला हवा होता. चार बोटं गेली. वीतभर गेली. कामटीची मूठ शेंदराला टेकली, तरी दगड लागला नाही.

शेजारीच, हातभर अंतरावर, गळलेल्या जागी तो काळा दगड उघडा दिसत होता.

नानासोंनी कामटी बाहेर काढली. मग सवयीनं त्यांनी भोकावर कापसाचा बोळा बसवला, फडकं बांधलं आणि बाहेर येऊन भाकरी खायला बसले. सूर्य डोक्यावर आला होता.

"लागला न्हाई न्हवं?" बिराप्पानं विचारलं. त्यानं मान वळवली नव्हती.

"काय?"

"दगूड."

नानासोंनी भाकरी खाली ठेवली. ते उठून पुन्हा आत गेले. डोळे अंधाराला सरावले तेव्हा फडकं दिसलं. बाहेर फुगीर बांधलेलं ते फडकं आता आत खोल गेलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत ते सावकाश बाहेर आलं. थोडं थांबलं. पुन्हा आत ओढलं गेलं... सावकाश, झोपलेल्या माणसाच्या नाकाशी धरल्यासारखं.

ते दारातून न वाकता बाहेर आले. कपाळाला चौकट लागून रक्त आलं, ते त्यांना नंतर कळलं.

"आबा," ते म्हणाले, "हे बुजवायला पाहिजे."

"उद्या दुपारी," बिराप्पा म्हणाला. "सावली पायात आल्याबिगार लेप चालत न्हाई. तवर त्येला कोण बोलू नगा."

त्या दिवशी नानासोंनी मुक्कामाच्या शाळेच्या खोलीत बसून शेंदूर घोटला. हुकूम मोडणार होते ते, पण हात रंगाच्या दुकानात शिकले होते तसे चालले. गुठळी राहू दिली नाही. धोंडुबाई दारात येऊन उभी राहिली.

"अर्धं उघडून झाकणार व्हय, सायेब?"

"बाई, आत काय आहे मला ठाऊक नाही."

"मला हाय." ती तिथंच खाली बसली. "तुमी आत हात घालून बगितला असता तर..."

तो हात घालायचं धाडस आपल्याला झालं नाही, हे नानासोंनी तिला सांगितलं नाही. ते शेंदूर घोटत राहिले.

तिसऱ्या दिवशी सगळं घर घुमटीपाशी आलं. बिराप्पा, त्याची म्हातारी साळूबाई, धोंडुबाई. ऊन एवढं होतं की लांबची मेंढरं पाण्यात उभी असल्यासारखी हलताना दिसत होती. बिराप्पानं शेंदराची परात उचलली आणि नानासोंना म्हणाला, "तुमी हात लावलाय. तुमी बी हुबं ऱ्हावा. नाव पुकारलं की 'भाईर' म्हणायचं."

"म्हणजे?"

"लेप द्यायच्या आधी घरातलं एकएक माणूस भाईर हाय का, ते इचारायचं. जो ओ दील, त्यो भाईर. जो दीत न्हाई, त्याच्यावर लेप बसतो. मग त्याची वाट बगायची न्हाई."

धोंडुबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. बांगड्यांचा आवाज दबला. आज ज्ञानूचं नाव पुकारलं जाणार आणि कुणी ओ देणार नाही. म्हणून दोन वर्षं लेप चुकल्याचं तिला वाईट वाटत नव्हतं, हे नानासोंना आत्ता कळलं. लेप चुकला होता तोवर तिचं कुंकू शाबूत होतं.

बिराप्पा दारात वाकला. आत तोंड करून त्यानं पहिलं नाव स्वतःचं घेतलं आणि स्वतःच म्हणाला, "भाईर."

"साळू."

"भाईर हाय," म्हातारी म्हणाली.

"धोंडू."

"भाईर..."

बिराप्पा थांबला. परातीतला शेंदूर उन्हात चकाकत होता.

"ज्ञानू."

कुणी बोललं नाही.

दुष्काळात खात्यानं नानासोंना सहा महिने खडीच्या एका कामावर हजेरी घ्यायला धाडलं होतं. तिथं ते रोज असंच नाव पुकारत. तापानं फणफणलेल्या माणसाची ओ कधी त्याची बायको देई, कधी शेजारी. कागदावरून मान वर करायची नाही, एवढं ते शिकले होते. एकदा कुणीच बोललं नाही, तेव्हा पदर तोंडात धरून उभ्या असलेल्या एका बाईकडं बघून त्यांनी स्वतःच हलक्या आवाजात "हजर" म्हटलं होतं आणि खूण केली होती. त्या दिवशी एका घरात चूल पेटली. त्यात कुणाचं काय गेलं?

धोंडुबाईचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. बायकोची ओ चालत नसावी, कारण साळूबाईनं तिचा दंड घट्ट धरला होता.

"भाईर हाय," नानासो म्हणाले.

बिराप्पाची मान गर्रकन वळली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पोराच्या हातून विहिरीत घागर सुटताना दिसावी, तसा तो बघत होता. पण सावली पायाखालून सरकायला लागली होती. थांबायला सवड नव्हती.

"नानासो," त्यानं पुकारलं.

"भाईर."

बिराप्पा तसाच आत तोंड करून उभा राहिला. "नानासो," त्यानं पुन्हा पुकारलं.

"भाईर हाय की, आबा!"

धोंडुबाई त्यांच्याकडं बघत होती. साळूबाईही बघत होती, त्यांच्या ओठांकडं. दोघींच्या नजरेत वाट पाहणं होतं.

"नानासो..." तिसरी हाक जवळजवळ कुजबुजल्यासारखी होती.

ह्या वेळी नानासो ओरडले. लांबच्या मेंढरांनीसुद्धा माना वर करायला हव्या होत्या. एकाही मेंढरानं मान वर केली नाही.

बिराप्पा आत गेला. लेपाचा ओला, चापट आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"तीनदा का पुकारलंत?" नानासोंनी विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला, आणि म्हाताऱ्यानं तो ऐकलाही.

"तुमी ओ दिली न्हाई."

"दिली की! तीन वेळा दिली."

बिराप्पानं हात मातीनं चोळले. "एका तोंडातनं एकच ओ जाती, सायेब. तुमची तुमी आदीच ज्ञानूच्या नावावर दिऊन बसला हुता." मग म्हणाला, "गाडी उद्या सकाळी हाय. त्या गाडीनं जावा. ऱ्हाऊ नगा."

ज्ञानू आला तेव्हा दुपारचे चार वाजले असतील; नानासो बिराप्पाच्या घरी जेवायला थांबले होते. उघड्या माळावरून एक माणूस अनवाणी चालत येताना दिसला. खांद्यावर घोंगडी होती. धोंडुबाईच्या हातातलं पितळी तांब्या-ताट खाली पडलं, घरंगळत गेलं. साळूबाईनं पोराला मिठी मारली, कडाकडा बोटं मोडली, रडली, हसली. केस वाढले होते. नखांत शेंदूर होता. एरवी माणूस धडधाकट होता. "कुठं हुतास रं? कुठं हुतास?" असं सगळे विचारत होते आणि तो प्रत्येकाकडं सभ्यपणे बघत होता, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखा. नानासोंवर त्याची नजर गेली, तेव्हा मात्र ती बराच वेळ हलली नाही.

बिराप्पानं पोराला हात लावला नाही.

नानासोंना बरं वाटलं. काय झालं ते समजत नव्हतं, पण बाईचं कुंकू राहिलं होतं. त्या रात्री त्यांना इतकी गाढ झोप लागली की उठल्यावर अंग पिसासारखं हलकं वाटत होतं. काही तरी ओझं उतरल्यासारखं.

सकाळी फाट्यावर ते ट्रंक घेऊन उभे होते. आप्पासोचं खोपट अजून उघडलं नव्हतं. धोंडुबाई माळावरून जवळजवळ पळत आली. तिनं इकडं-तिकडं बघितलं. दम लागला होता.

"सायेब, एक इचारू? रागावू नगा."

"विचारा की, बाई."

"त्यो जेवला. झोपला. पर घरात कुठं काय असतं त्येला ठाव न्हाई. मेंढरं जवळ येत न्हाईत. झोपंत कायबाय इंग्रजी पुटपुटतुया, बाटल्या मोजल्यागत." तिनं पदराचं टोक मुठीत गच्च आवळलं. "टाका तर माझाच हाय घोंगडीवर. म्या हात लावून बगितला. तोंड बी त्याचंच हाय... सायेब, तुमच्या मालकिणीचं नाव काय वो?"

नानासोंनी सांगायला तोंड उघडलं.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. ही संख्या त्यांना आठवली. घराला दोन खोल्या होत्या, मोरीवर पत्रा होता, हेही आठवलं. चुलीपाशी कुणी तरी पाठमोरं बसलेलं आठवलं. ते तोंड इकडं वळायची वाट बघत राहिले. ते वळलं नाही.

"अंबू हाय का?" धोंडुबाईनं हळूच विचारलं. "पहाटंपास्नं मला अंबू म्हणून हाका मारतुया. म्हणतुया, अंबू, माजी ट्रंक कुठाय..."

नानासोंनी ते नाव मनात दोन-तीनदा फिरवून बघितलं. परक्या गावाच्या पाटीसारखं ते नुसतं उभं राहिलं.

"असेल," ते म्हणाले.

धोंडुबाई दोन पावलं मागं सरली. जतकडून गाडी आली. कंडक्टरनं ट्रंक घ्यायला दारातून हात खाली केला, घंटीची दोरी दुसऱ्या हातात धरली.

"चला, उरका. कुठलं तिकीट देऊ?"

गाडीतली माणसं खिडकीतून बघत होती. नानासोंनी ट्रंक दोन्ही हातांनी उचलली, तिचं झाकण उजेडाकडं केलं आणि त्यावर पांढऱ्या रंगानं काढलेली अक्षरं एकेक करून लावून वाचली.

"सांगली," ते म्हणाले. "सांगलीच लिहिलंय."